काठोकाठ भरलेला रांजण

मित्रांनो, मी रांजण. अकोटच्या मातीचा, पोटाने मोठा, गळ्याने आखूड आणि वयाने तुमच्या आईबाबांच्या जवळपासचा. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपलं कौतुक सांगतात आणि मग लोकांनी आपल्याला कसं अडगळीत टाकलं ते सांगून डोळे पुसतात. कौतुक मीही सांगणार आहे, कारण ते सांगायला मला आवडतं. पण अडगळीचं मला फारसं दुःख नाही. माझं दुःख वेगळं आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात एक माणूस माझ्यापासून चार हातांवर बाजेवर पडून उन्हाने मरत होता. तेव्हा मी रिकामा नव्हतो, तडकलेला नव्हतो. मी काठोकाठ भरलेला होतो.

त्या माणसाचं नाव शेषराव. त्यांच्यापर्यंत यायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

मला डोमाजी कुंभाराने घडवलं. रांजण सगळा चाकावर होतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. चाकावर होतो तो गळा. पोट वाढवायचं तर आतून दगडाचा गोटा धरून बाहेरून लाकडी थापीने तासन्‌तास थापावं लागतं. डोमाजीने मला इतकं थापलं की आज मी मूल असतो तर शेजाऱ्यांनी पोलिसांत कळवलं असतं. तो मातीत घोड्याची लीद आणि राख कालवत असे. भाजताना लीद जळून जाते आणि अंगात बारीक बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी पाझरतं, वाऱ्याने वाळतं आणि पोटातलं पाणी गार होतं. म्हणजे आम्ही रांजण घाम गाळूनच गार राहतो. ज्याची छिद्रं बुजली, ज्याचा घाम थांबला, तो रांजण संपला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी स्वतः ती ऐन वेळी विसरलो.

अकोटच्या बाजारात पार्बताबाईने मला बोटाने वाजवून पाहिलं. माझा आवाज तिला पसंत पडला. एसटीत चढताना कंडक्टर अडून बसला.

"याचं तिकीट लागीन," तो म्हणाला.

"कावून? थो काय पाय पसरून बसला काय?" असं म्हणून पार्बताबाईने मला मांडीवर घेतलं. मांडी कसली, मी तिच्याहून रुंद होतो. गावच्या फाट्यापर्यंत तिला माझ्यापलीकडचं काही दिसलं नाही. फाटा आला का, हे ती शेजारच्या बाईला सारखं विचारत होती.

पार्बताबाई शेषरावांची बायको, म्हणजे तिचं घर ते शेषरावांचं घर. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं चार एकर वावर. त्यात वांगी, भेंडी, गवार आणि बांधाला मोगऱ्याच्या दोन लांब रांगा. उन्हाळ्यात सगळी कामं पहाटे आणि संध्याकाळी, आणि मोगरा तर उजाडायच्या आत तोडायचा. तरी काही ना काही निघायचंच आणि दुपारी उन्हातून माणसं यायचीच. आली की माझ्याकडे यायची. माझं पाणी इतकं गार असे की दात ठणकायचे. शेजारच्या गावचे पाहुणे मुद्दाम आमच्याकडे टेकत आणि म्हणत, "पानी मंजे पानी, बाप्पा!" मी वरून गंभीर राहत असे, पण आतून फुगत असे. रांजणाला फुगणं परवडत नाही, तरी फुगत असे.

शेषरावांनी माझ्यासाठी एक कायदा केला होता. कायदा मुळात त्यांच्या वडिलांचा. पण राबवला यांनी. उन्हातून आलेल्या माणसाने थेट माझ्याकडे यायचं नाही. आधी सावलीत बसायचं. गुळाचा खडा तोंडात टाकायचा. अंगावरचा घाम मरू द्यायचा. मगच तांब्या बुडवायचा. तापल्या अंगाला गार पाणी लागलं की सर्द-गरम होतं आणि माणूस जागच्या जागी जातो, अशी त्या घराची पक्की समजूत होती. शेषरावांचे एक मामा म्हणे असेच गेले. मामांना पाहिलेलं कोणी उरलं नव्हतं. पण त्यांच्या मरणाची गोष्ट दर उन्हाळ्यात सांगितली जाई आणि गूळ चघळणारी माणसं माना हलवत.

खरं सांगू? मला तो कायदा फार आवडायचा. लोक माझ्या पाण्याला भितात, याचा मला अभिमान होता. आणि थकून आलेल्या धडधाकट माणसाने पाच मिनिटं बसून मग पाणी प्यायलं तर काही बिघडत नाही. त्यामुळे तो कायदा इतकी वर्षं कधी चुकला नाही, आणि चुकला नाही म्हणून कोणी तपासूनही पाहिला नाही.

शेषरावांचा दुसरा कायदा कांद्याचा. उन्हात निघताना बंडीच्या खिशात एक कांदा. कांदा लू, म्हणजे उन्हाची बाधा, ओढून घेतो, हे आमच्या वऱ्हाडात शेंबडं पोरही सांगेल. संध्याकाळी तो कांदा सुकलेला निघाला की शेषराव तो पार्बताबाईपुढे धरत. "पाह्य, मले लागनार होती थे याले लागली." मग तो कांदा भाजीत पडत नसे. बकरीलाही घालत नसत, उगाच तिला बाधा नको.

पुढे त्यांच्या मुलाने, गोपालने, घरी फ्रिज आणला. त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला. मला कधी कोणी हार घातला नव्हता. फ्रिजपाठोपाठ पाण्याचे प्लास्टिकचे जार आले आणि माझी रवानगी वावरातल्या झोपडीपुढे, कडुलिंबाखाली झाली. मी काही दिवस रुसलो. मग पाहिलं की भारनियमनाने वीज गेली की तो फ्रिजही घाम गाळतो, पण त्याने काही गार होत नाही. तेव्हा माझा रुसवा गेला. लिंबाखाली वारा होता. माझ्या अंगावरचा ओलावा चाटायला बुलबुल यायचे. समोर सातपुडा दिसायचा. एप्रिल लागला की त्याच्या अंगावर कुठे ना कुठे धुराचा पट्टा चढलेला असायचा. कोणी बिडी टाकली, कोणी मोहाची फुलं वेचायला खालचा पाला पेटवला, आणि आठ-आठ दिवस डोंगर जळत राही. आमची माणसं तिकडे पाहून "पेटला वाट्टे" म्हणत आणि कामाला लागत. डोंगर दूर होता.

आता दीपमालेबद्दल सांगतो. दीपमाला गोपालची बायको, या घरची सून, आणि गावची आशा सेविका. गरोदर बाया, लहान लेकरं, लसी, ताप, सगळं तिच्याकडे. सकाळी मला भरायची ती. उन्हाळा लागला की तिला वरून चित्रांचा एक मोठा कागद मिळायचा आणि तो घेऊन घरोघरी फिरायचं असे. लोकांपुढे बोलायची तिला आधी भीती वाटायची, म्हणून ती माझ्यासमोर तालीम करायची. एका हाताने घागर ओतायची आणि मला समजावायची.

"पाह्य, बारा ते चार उनात निंगाचं नाही. तहान नसली तरी घोट घोट पानी प्याचं. लू लागली कसं वयखाचं? आंग भट्टीवानी तापते, घाम बंद होते, मानूस काहीबाही बडबडते. मंग काय कराचं? सावलीत आनाचं, कपडे सैल कराचे, आंगावर पानी ओताचं, वारा घालाचा, एकशे आठले फोन कराचा. बेशुद्ध असला त तोंडात पानी नाही टाकाचं. समजलं?"

मला समजायचं. बारा उन्हाळे मी हा धडा ऐकला. तुमच्या वर्गात बसवलं असतं तर पहिला नंबर काढला असता. तिची तालीम चालली असताना शेषराव बाजेवरून हसायचे. "सुनबाई, थे गावाले सांग. मले नोको सांगू. मी बासष्ट उनाये पाह्यले." तिलाही हसू यायचं. सासऱ्यांची ती लाडकी होती.

पण शेषरावांचे थोरले भाऊ पुंजाजी, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं वावर आमच्या धुऱ्याला लागूनच. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. घरात त्यांचा शब्द अखेरचा. ते आले की शेषराव बाजेवरून उठत, आणि दीपमालेच्या डोक्यावर पदर येई. लग्नाला बारा वर्षं झाली तरी ती त्यांच्याशी एक वाक्यही थेट बोललेली नव्हती. त्यांच्या घरची ती रीतच. बोलायचं ते सासूच्या तोंडून. "आत्याबाई, त्याईले सांगा, चहा झाला." पुंजाजी दोन हातांवर बसलेले असत, त्यांना ऐकू गेलेलंच असे. तरी पार्बताबाई पुन्हा म्हणे, "भाऊजी, चहा झाला." मगच ते कपाला हात लावत. गावभर माइकवर बोलणारी सून अंगणात आली की मुकी व्हायची. मला याची गंमत वाटायची. मित्रांनो, कशाकशाची गंमत वाटते माणसाला आणि रांजणाला!

त्या दिवशी मोबाइलवर सेहेचाळीसचा आकडा होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. गोपाल भाजीची गाडी घेऊन अमरावतीला राजापेठेत गेला होता. पुंजाजी आपल्या धुऱ्यावर काडेपेटी घेऊन उभे होते.

वावर पेरणीआधी साफ करायचं म्हणून मे महिन्यात धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटवतात. सगळेच पेटवतात. शेषरावांना ते दुपारी पेटवणं पसंत नव्हतं.

"दादा, सकायी पेटवू न. वारा नाही राहात," ते म्हणाले.

"सकायी वरवर जयते. दुपारी मुयापासून जयते," पुंजाजी म्हणाले.

थोरल्या भावापुढे शेषराव दोन पावलं मागे सरले. काडी लागली. गवत इतकं वाळलेलं होतं की आधी ज्वाळाच दिसली नाही, नुसती हवा थरथरली. पहिली पाच मिनिटं सगळं नीट चाललं होतं. मग कुठून तरी वावटळ आली, ती धुऱ्यावरून फिरली आणि आग उचलून तिने आमच्या बाजूला टाकली.

पुढे मोगऱ्याच्या रांगा होत्या. त्यांच्यापलीकडे जनावरांच्या चाऱ्याची, कुटाराची गंजी आणि तिला लागून बांधलेली गाय. दिवसाची लाइन नव्हती, म्हणून विहिरीवरची मोटर बंद. हौदाच्या तळाशी बकऱ्यांपुरतं पाणी. तहान लागल्यावर विहीर खोदायची असं म्हणतात. आमच्याकडे विहीर होती, पण वीज नव्हती. शेषरावांनी लिंबाची एक मोठी डहाळी मोडली आणि ते आगीवर धावले. पुंजाजीही धावले, पण सत्तरीच्या माणसाचा दम किती? ते लवकरच बांधावर बसले. धूर पाहून दीपमाला गावातून पळत आली. तिने गाय सोडली, पार्बताबाईने हौदातलं पाणी बादलीने गंजीवर मारलं. ठिबकच्या नळ्या वितळून त्यांचा घाणेरडा वास सुटला होता. शेषराव एका जागची आग झोडपत, दुसरीकडे धावत, पुन्हा मागे येत. असं दीड तास चाललं.

या दीड तासात ते माझ्यासमोरून चार वेळा गेले. एकदा दीपमाला सासऱ्यांना ओरडून म्हणाली, "मामाजी, दोन घोट पानी प्या आंधी!"

"बसाले टाइम नाही वं," ते पळता पळता म्हणाले.

बसायला वेळ नव्हता. बसणं नाही, गूळ नाही, घाम मरणं नाही, म्हणून पाणी नाही. ज्याने कायदा राबवला त्याने तो शेवटपर्यंत पाळला. माझ्या काठावर तांब्या पालथा होता. चार वेळा तो हात माझ्यापासून वीतभर अंतरावरून गेला.

आग विझली. मोगऱ्याची अर्धी रांग गेली, बाकी सगळं वाचलं. कोणी भाजलं नाही. पार्बताबाईने डोंगराकडे हात जोडले. शेषराव झोपडीच्या सावलीत येऊन बसले आणि हसले. म्हणाले, "गाडी थांबव रे गोपाल, बैल उधयले." गोपाल तिथे नव्हता, आणि त्या घरातले बैल जाऊन दहा वर्षं झाली होती. मग त्यांनी पुंजाजींना "बाबा" अशी हाक मारली. मग त्यांचे दात वाजायला लागले आणि ते आडवे झाले.

बाजेवर निजवलं तेव्हा त्यांच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. कातडी लाल आणि कोरडी. पार्बताबाईने कपाळाला हात लावून तो झटकन मागे घेतला.

"घाम मेला, बरं झालं," पुंजाजी म्हणाले. "आता आंग निवू द्या."

अहो, घाम मेला म्हणजे बरं झालं? घाम थांबलेला रांजण आणि घाम थांबलेला माणूस, दोघांचंही पुढे काय होतं ते मला डोमाजीच्या घरापासून ठाऊक. पण मीही त्या क्षणी कायद्यातच होतो. मीही मनात म्हटलं, थोडं निवू द्या. ही माझी चूक मी लपवणार नाही.

दीपमालेने मात्र ओळखलं. तिने तांब्या माझ्यात बुडवला आणि भरून वर काढला. समोर पुंजाजी उभे होते. तिने दुसऱ्या हाताने आधी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सासूकडे तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, त्याईले सांगा न, ही लू हाय. पानी ओताच लागते. आताच्या आता ओता लागते."

पुंजाजींनी ते ऐकलं. ते तिच्याशी बोलले नाहीत. तेही पार्बताबाईशीच बोलले. "तिले सांग, थे कागद गावात दाखव म्हना. तापल्या आंगावर पानी टाकाचं हाय काय? मामाचं काय झालं, ठाऊक नाही काय?"

आणि पार्बताबाईने दीपमालेचं मनगट धरलं. जोरात नव्हे. दोन्ही हातांनी, गयावया करत. "नोको वं माय. नोको टाकू. मरतीन थे."

या बाईचं नवऱ्यावर किती प्रेम होतं ते मी तुम्हाला सांगू शकतो, कारण तिने त्यांच्यासाठी भरलेल्या घागरी माझ्या पोटातून गेल्या आहेत. तिने हात धरला तो प्रेमानेच.

दीपमाला थांबली. मग तिने तांब्या कलता केला आणि ते पाणी परत माझ्यात ओतलं. माझ्या पोटात ते पडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

तिने एकशे आठच्या गाडीला फोन लावला. गाडी अकोटहून यायची होती. तोवर शेषराव थंडीने कापतात म्हणून त्यांच्यावर गोधडी घातली. पुंजाजी म्हणाले, तळपायाला कांद्याचा रस चोळा. शेषरावांच्याच बंडीतला कांदा काढला. तो कोणी ठेचायचा? सुनेने. गावातल्या दोनशे घरांना लू लागल्यावर काय करायचं ते शिकवणारी दीपमाला, त्या दगडापाशी खाली मान घालून कांदा ठेचायला बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळ्यांना वाटलं, कांद्याने.

पाऊण तासाने गाडी आली. तिच्यातला पोरगेला माणूस उतरला, त्याने गोधडी ओढून फेकली, अंगाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "हा भरेल हाय काय?" त्याने विचारलं. त्याने बाजेवरची चादर माझ्यात बुडवली, तशीच निथळत शेषरावांना गुंडाळली आणि दार लावून घेतलं. गाडी फाट्यापर्यंतही गेली नसेल. शेषराव वाटेतच गेले.

घरात मरण झालं की साठवलेलं पाणी ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बायांनी मला कलंडवून रिकामं केलं. पाच घागरी पाणी त्या बाजेच्या जागी जमिनीवर गेलं. जमीन तापलेली होती. तिने ते घोटाघोटाने नव्हे, एकदमच पिऊन टाकलं.

तुम्हाला वाटेल, यातून गाव शहाणं झालं असेल. मलाही तसं वाटलं होतं. तेराव्या दिवसापर्यंत मी वाट पाहिली. पाहुणे लिंबाखाली बसले होते, आणि पुंजाजी रडत रडत सांगत होते. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच दिसलं होतं. "चांगला बोलून राहिला होता माह्या भाऊ. त्या गाडीवाल्यानं ओली चादर गुंडायली अन् पाच मिनटात गेला. सर्द-गरम झालं." माणसांनी माना हलवल्या. कोणीतरी गुळाचे खडे वाटले.

मित्रांनो, मामांची गोष्ट आता आमच्या भागात कोणी सांगत नाही. ती जुनी झाली होती, तिला साक्षीदार नव्हता. आता शेषरावांची सांगतात. हिला साक्षीदार आहेत, गाडीचा नंबरही लोकांना पाठ आहे. पार्बताबाईलाही वाटतं की आपण सुनेचा हात धरला तसा त्या गाडीवाल्याचाही धरायला हवा होता. रोज कधीतरी ती हे बोलते. दीपमाला तिला एकदाही उलट बोलली नाही. काय बोलणार? खरं सांगितलं तर त्या म्हातारीने उरलेलं आयुष्य कसं काढायचं?

दीपमाला यंदाही कागद घेऊन फिरते. बाया दारातून ऐकून घेतात. एक-दोघी तोंडावरच म्हणतात, "लोका सांगे ब्रह्मज्ञान. तुह्या सासऱ्याचं काय झालं मंग?" ती कागदाची घडी करते आणि पुढच्या दारी जाते. सकाळी मला भरताना आता ती तालीम करत नाही. नुसतीच भरते. एकदाच, माझ्या काठावर हात ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "थे बोलले असते त आयकून घेतलं असतं. मारलं असतं त मार खाल्ला असता. एक तांब्याच त होता."

यंदाही धुरे दुपारीच पेटले. सातपुडा यंदाही जळतो आहे. माझ्याजवळ सावलीत माणसं येतात, गूळ चघळतात, शेषरावांची गोष्ट ऐकतात, आणि माझ्या गार पाण्याला आणखी भितात. मला त्या भीतीची आता किळस येते.

थोरांचं ऐकावं असं तुम्हाला घरी शिकवतात, शाळेत शिकवतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण एक वेळ अशी येते की तेव्हा ते ऐकायचं नसतं, आणि ती वेळ फार थोडी असते. माझ्या सांगण्याने काही बदलेल असं मला वाटत नाही. आमच्या गावात तर नाहीच. तरी ज्याने इतका वेळ ऐकलं त्याला सांगतो. धुरा, कचरा, पाला दुपारी आणि वाऱ्यात पेटवू देऊ नका. उन्हात काम करणाऱ्याला गुळासाठी थांबवू नका, आधी पाणी द्या. आणि कोणी उन्हाने पडलं, अंग तापलेलं आणि कोरडं लागलं, बोलणं भरकटलं, तर त्याला सावलीत न्या, एकशे आठला फोन करा आणि अंगावर पाणी ओता. तेव्हा घरातलं कोणीतरी तुमचा हात धरेल. ते प्रेमानेच धरेल, म्हणून सोडवून घेणं फार जड जाईल. तरी सोडवा.